धरलं का?

झटका तसा लहानच होता. विमान पडलं नाही, आग लागली नाही, दुसऱ्या दिवशी कुठल्या पेपरात ओळसुद्धा आली नाही. ढगांच्या वर, लख्ख दुपारी, एका शेठच्या खासगी विमानाचं नाक अचानक खाली गेलं आणि तितक्याच अचानक वर आलं, एवढंच. कपातली कॉफी उडून छताला लागली आणि तिथून थेंब थेंब गळत राहिली. कॅप्टनला पुढे कितीतरी वेळ तेच दिसत होतं. माणसाच्या डोक्यात काय अडकून बसेल सांगता येत नाही. पाठीमागे थर्मासबाई जमिनीवर पडून कण्हत होत्या, त्यांच्या मागे शेठ खुर्चीचे दोन्ही हात आवळून पांढरेफटक बसले होते, आणि हा माणूस, ज्याचे केस याच कामात पिकले, दोन्ही हातांनी विमान धरून मनात म्हणत होता, हे छत आता पुसणार कोण.

विमान त्याला नवीन नव्हतं. आठ खुर्च्यांचं, आतून एखाद्या वकिलाच्या बैठकीच्या खोलीसारखं, आणि शेठचे केस काळे होते तेव्हापासून तोच ते चालवत होता. बाजूला बसणारा सहवैमानिक चाळिशी ओलांडलेला. त्याला सगळे पंतोजी म्हणायचे, कारण सूचनांचं पुस्तक तो वर्गात धडा वाचून घ्यावा तसं वाचायचा, एक शब्द गाळायचा नाही आणि दुसऱ्याला गाळू द्यायचा नाही. थर्मासबाई खानपान बघायच्या. त्यांच्या हातची कॉफी कधी थंड झालेली कोणी पाहिली नव्हती, म्हणून ते नाव; ते पंतोजीनेच ठेवलं होतं आणि बाईंनी ते हसून घेतलं होतं. 'तुम्हाला वाचायला पुस्तक लागतं, मला ओतायला काही लागत नाही,' असं त्या त्याला ऐकवायच्या. अशी तिघांची घडी बसलेली होती. कोण कधी काय बोलणार हेही ठरल्यासारखं. घडी बसली की माणूस बघायचा थांबतो. हे त्याला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हाही एकदम नाही कळलं, ठिबकत ठिबकत कळलं.

चढताना विमानाचा दांडा त्याला जरासा जड लागला होता. पण जड लागला म्हणून कोणी थांबतं का? या वयात घरचा जिनासुद्धा जड लागतो. त्याने ऑटोपायलट लावला, हात मांडीवर घेतले, आणि विमान आपलं आपण चालू लागलं. मग तो सकाळचं घर आठवत बसला. सकाळी तो टाय बांधत होता आणि लेक दारात उभी होती, हातात तिच्या आईची वेणी घालायचा कंगवा. 'बाबा, मी रविवारी जातेय,' ती म्हणाली. दुसऱ्या शहरातल्या त्या नोकरीला ती वर्षभर थांबा, थांबा म्हणत होती. आता ते लोक थांबणार नव्हते. 'आईचं सगळं तुमच्याकडे आता.' त्याने आरशातच मान हलवली. 'हो हो, जा तू. बघतो मी.' ती तिथेच उभी राहिली. 'बघाल?' 'अगं, एवढं विमान बघतो,' तो म्हणाला. तिला हसू आलं नाही. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, इतक्यात आतून आईने हाक मारली, आणि कंगवा घेऊन ती गेली. त्याच्या हिशेबी विषय संपला होता. दिवसाला एक बाई ठेवायची, रात्री तो असेल, उड्डाणाच्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगायचं. बायकोचं विसरणं त्याने पाहिलं होतं. ती चष्मा विसरायची, नळ विसरायची, आत्ताच दिवाणखान्यात झालेल्या गप्पा विसरायची. एरवी घर शांत होतं. संध्याकाळी मायलेकी फिरायला जायच्या, परत यायच्या, जेवायच्या. या घरात काही बिघडलंय असं बाहेरून येणाऱ्याला वाटलं नसतं, आणि त्यालाही वाटत नव्हतं, म्हणजे तोही बाहेरून येणाराच होता.

तेवढ्यात समोर पिवळा दिवा लागला. आवाज नाही, घंटा नाही, नुसता दिवा. पंतोजीने पुस्तक मांडीवर घेतलं, पान काढलं आणि आपल्या सुरात सुरू केलं. 'शेपटीचा तोल साधणारी मोटर अडकलेली असू शकते. नाक जड झालेलं असून ऑटोपायलट ते एकटा उचलून धरत असू शकतो. प्रवाशांना पट्टे बांधायला लावा. दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरा. त्यानंतरच ऑटोपायलट काढा.' मग त्याने मान वर केली. 'सर, बाईंना आधी बसवतो. आत्ताच कॉफी देऊन वळल्यात.' 'हो हो,' कॅप्टन म्हणाला. पंतोजीचा हात माइककडे गेला. आणि कॅप्टनच्या अंगठ्याने बटण दाबलं.

का दाबलं? नंतर पुष्कळांनी विचारलं, त्याने स्वतःला तर फारच. घाई नव्हती. पुस्तकात काय आहे ते त्याला पाठ होतं. पण ते बटण त्याने आयुष्यभर उतरण्याच्या आधी दाबलं होतं, आणि दर वेळी विमान निमूट त्याच्या हातात आलं होतं, झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर यावं तसं. दोन बोटं पुरायची. त्या दिवशीही दांड्यावर दोनच बोटं होती. बोटं अंगवळणी पडलेलं करतात, ती पुस्तक ऐकत नाहीत. बटण दाबलं आणि खालून कोणी जमीन काढून घेतली. निळं आभाळ काचेतून वर सरकलं आणि पांढरे ढग समोर उभे राहिले. त्याने दोन्ही हातांनी दांडा पकडून ओढला, जीव खाऊन ओढला, आणि ओढला तो जरा जास्तच. मागे आधी धप्प असा आवाज आला, छताचा. मग दुसरा, जमिनीचा. खाली जाणं यंत्राचं होतं. ते आपटणं त्याचं होतं.

'सर, कंट्रोल तुमच्याकडे?' पंतोजीने विचारलं. त्याच्या आवाजातला धडा गेला होता. 'माझ्याकडे,' तो म्हणाला. त्यांच्यात हे ठरलेलं असतं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने माझ्याकडे म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. ऑटोपायलटला मात्र कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. मग विमानतळ येईपर्यंत ते नाक त्याने हातांनी उचलून धरलं. मोटर अडकलेलीच होती. दंड भरून आले, खांद्यात कोणी सळई घातल्यासारखं झालं. एकदा पंतोजीने मदतीला हात लावला तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, 'बाप रे.' एवढं वजन होतं. एवढं वजन ते यंत्र चढण घेतल्यापासून धरून होतं आणि आपण मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होतो.

आणि दंड दुखत असताना त्याला एक जुनी गोष्ट आठवली, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. लेक जन्मली तेव्हाची. बायको त्याच्या हातात तान्हं मूल द्यायची आणि आपले हात काढायची नाही. 'धरलं का?' असं विचारायची. तो म्हणायचा, 'अगं, धरलंय.' तरी हात तिथेच. 'नीट सांगा. धरलं का?' 'धरलं.' मग सोडायची. पुढे तिला सवयच लागली. उकळत्या दुधाचं पातेलं असो, काचेची बरणी असो, माळ्यावरून काढलेली बॅग असो, धरलं का विचारल्याशिवाय तिने कोणाच्या हातात काही दिलं नाही. पाहुणे हसायचे. तो त्यांना सांगायचा, आमच्या नोकरीत हिला घेतली असती तर दोन वर्षांत कॅप्टन झाली असती. या आठवणीने त्याचे डोळे भरले, आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

उतरल्यावर गाडी आली, डॉक्टर आले. थर्मासबाईंचं मनगट आणि गळ्याचं हाड मोडलं होतं, कपाळ फुटलं होतं. शेठ सबंध प्रवासात एक शब्द बोलले नव्हते. आता ते बाईंची पर्स आणि चपला उचलून रुग्णवाहिकेत चढले आणि आपल्या माणसाला म्हणाले, 'मीटिंग नाही म्हणून कळव.' कॅप्टन रुग्णवाहिकेच्या दाराशी उभा राहिला. बाईंनीच एक डोळा उघडला. 'कॅप्टन, कॉफी सांडली हो तुमची.' 'बाई...' 'दुसरी देते. हात बरा झाला की.' दार लागलं. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पंतोजी शेजारी उभा होता. 'सर, मी माइकपर्यंत पोचलो असतो तर,' तो म्हणाला. 'तू पोचला असतास,' कॅप्टन म्हणाला. 'मीच थांबलो नाही.' पंतोजीने हो अशी मान हलवली. खोटं बोलून समजूत घालायची त्याला सवय नव्हती.

कंपनीच्या खोलीत टेबलापलीकडे अभियंता बसला होता. भला माणूस, चहा मागवला, खुर्ची जवळ ओढली. 'चौकशी होईपर्यंत घरी बसा आता,' तो म्हणाला, 'नियमच आहे.' मग त्याने पडद्यावरची रेघ दाखवली. विमान वर चढू लागलं तिथपासून ती रेघ हळूहळू वर जात होती, म्हाताऱ्याच्या चालीने, कुठे न थांबता. 'हा त्याचा जोर. ऑटोपायलटचा. मोटर तेव्हाच अडकली होती. तेव्हापासून हा एकटा ओढतोय.' 'मग आधी दिवा का नाही लागला?' कॅप्टनने विचारलं. अभियंत्याने खांदे उडवले. 'त्याची हद्द येईस्तोवर तो बोलत नाही. त्याची रचनाच तशी आहे. चालतंय ना, मग चालवतो. आणि तुम्हाला वाटतं विमान सरळ चाललंय. चाललेलं असतंच की. पण कोणाच्या जिवावर?' त्याने चहाचा घोट घेतला. 'म्हणून तर हातात घेताना आधी घट्ट धरायचं. तो किती धरून बसलाय ते आपल्याला माहीत नसतं.' कॅप्टन त्या रेघेकडे बघत राहिला. चहा तसाच राहिला. यंत्राची आणि माणसाची तुलना करू नये असं त्याचं मत होतं, यंत्रावर प्रेम करणाऱ्या माणसांचं असतंच. पण सकाळचा तो कंगवा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. लेकीने तोंड उघडलं होतं. ती काय सांगणार होती?

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. जिना चढताना कठड्याला हात लावला तर बोटं मिटेनात. दार उघडंच होतं. बायको दारात उभी होती, बाहेर जायच्या कपड्यांत, काखेत तिची ती तपकिरी पर्स, आणि लेक खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा लावत होती. 'आज लवकर?' लेकीने मान वर केली. 'आणि हातांना काय झालं?' 'काही नाही. जरा जड होतं.' तो बाजूला झाला. 'फिरायला निघालात?' लेकीने पट्टा लावला, आईला खुर्चीत बसवलं, 'मी पाणी पिऊन आले हां,' असं तिला म्हणाली आणि बापाला डोळ्याने खुणावून स्वयंपाकघरात नेलं.

'फिरायला नाही, बाबा. घरी.'

'म्हणजे?'

'या वेळेला तिला रोज घरी जायचं असतं. हे घर दुसऱ्याचं वाटतं तिला. नाही म्हटलं तर रडते, मग रात्रभर झोपत नाही. म्हणून मी तिला घरी नेते. खाली उतरते, बिल्डिंगला फेरी मारते, परत वर येते आणि बेल वाजवते. आतून कोणी या म्हटलं की तिला पटतं, आलो. मग जेवते.' लेक नळाखाली पेला धरून उभी होती. पेला भरून वाहत होता. 'शेजारच्या काकूंना किल्ली दिलीय. त्या आत येऊन थांबतात, या म्हणतात. तुम्ही घरी असलात की त्यांना येता येत नाही.'

'मी असतो तेव्हा मी उघडतो की दार.'

'उघडता. आणि हसून म्हणता, किल्ली विसरलात का? म्हणजे तिला कळतं की निघाली तिथेच परत आली.' तिने नळ बंद केला. 'मग मला आणखी एक फेरी मारावी लागते.'

त्याला त्या संध्याकाळी आठवल्या. दार उघडून तो पेपरकडे वळायचा, आणि मायलेकी उंबऱ्यातूनच पुन्हा खाली जायच्या. आज फार हौस आलेली दिसते, असं तो मनात म्हणायचा. एकदा तर तोंडावर म्हणाला होता. लेक तेव्हा जिन्यात वळून त्याच्याकडे बघत राहिली होती. किती दिवसांचं हे, किती फेऱ्या, पावसापाण्याच्या, तिला ताप असतानाच्या. रेघ हळूहळू वर जात होती आणि तो पेपर वाचत होता.

'मला सांगितलं का नाहीस?'

लेकीने पेला पालथा घातला. 'चालत होतं ना,' ती म्हणाली. 'सकाळी सांगणार होते. तुम्ही हो हो म्हणालात.' मग, त्याच्याकडे न बघता, 'बाबा, मी जाऊ ना रविवारी? खरं सांगा. मी तिकडे जाऊन इथलंच ऐकत बसायचं असेल, तर नाही जात मी.'

त्याच्या तोंडावर उत्तर आलं होतं, तेच ते, दोन अक्षरांचं. त्याने ते गिळलं. 'आज मी नेतो तिला,' तो म्हणाला. 'तू आत थांब.'

'तुमच्याबरोबर यायची नाही. सकाळी ओळखते ती तुम्हाला. संध्याकाळी नाही ओळखत.'

हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे असं कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ती त्याला अहो जाहो करायची, पण ती लग्न झाल्यापासून करतच होती. त्यात ओळख संपलेली कशी कळणार? तो बाहेर आला. बायकोने त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे, खांद्यावरच्या पट्ट्यांकडे बघितलं, परक्या माणसाकडे बाई बघते तसं, सभ्यपणाने आणि जरा अंतर ठेवून.

'तुम्ही गाडी चालवता का?' तिने विचारलं.

'हो.'

'नीट चालवता?'

तो थांबला. 'आज एक झटका बसला,' तो म्हणाला. 'माझ्या हातून. एका बाईंना लागलं.'

हे त्याने अजून घरात कोणाला सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात लेकीचा हात तोंडाकडे गेला. बायकोने मात्र समजूतदारपणे मान हलवली. 'होतं असं. सावकाश चालवायचं,' ती म्हणाली. मग आवाज खाली करून, 'मला घरी पोचवाल का? लांब नाही. इथे चांगली माणसं आहेत, पण आता उशीर होतोय.'

'चला, पोचवतो तुम्हाला.' सगळ्या संसारात त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. जिभेला तो शब्द जड गेला, मग गेला एकदाचा. लेकीने आईचा कोपर धरला होता. त्याने दुसऱ्या बाजूने धरेपर्यंत तिने तो सोडला नाही.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर बायको थबकली. एका हातात पर्स, दुसरा कोपर त्याच्याकडे, कठडा धरायला हात नाही. तिने पर्स त्याच्यापुढे केली. त्याने पट्टा पकडला. तिने हात काढला नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघत, अगदी त्याच सुरात, तिने विचारलं, 'धरलं का?'

ती वाट बघत राहिली. नाव गेलं, घर गेलं, नवरा गेला, आणि हे राहिलं होतं. तिची बोटं पट्ट्यावर तशीच, त्याची बोटं शेजारी. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. 'नीट सांगा,' ती म्हणाली.

'धरलं,' तो म्हणाला.

मग तिने सोडलं, कठड्याला हात लावला, आणि ते उतरले. खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वाफ येत होती. पहारेकऱ्याची रिकामी खुर्ची, त्यावर त्याचा डबा. गाड्यांच्या रांगेमागून ती त्याला रस्ता दाखवत होती, इकडून, आता डावीकडे, तिथे जपून, पाइप फुटलाय. वाटेत तिने विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या? 'बायको असते,' तो म्हणाला, 'आणि मुलगी. मुलगी आता नोकरीला चालली आहे.' 'जाऊ द्या तिला,' बायको म्हणाली. 'मुलींना अडवू नये.' कोपऱ्यावर ती दमली. त्याने तिचा भार आपल्या दुखऱ्या दंडावर घेतला. फार नव्हता. पण सतत होता. पाऊल टाकताना थोडा, थांबताना थोडा, आणि क्षणभरही दुसरीकडे लक्ष गेलं तर ती एका बाजूला कलायची. त्याने लक्ष दुसरीकडे जाऊ दिलं नाही. फेरी संपली. जिना दिसला तशी तिची चाल बदलली. 'आला हो आमचा जिना,' ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी भराभर चढू लागली.

त्याने बेल वाजवली. लेकीने दार उघडलं. डोळे पुसल्यासारखे दिसत होते, आवाज मात्र ताजा होता. 'ये, ये. किती वेळ वाट बघतेय.' बायको आत गेली, सँडल काढल्या, भिंतीला हात लावला, आणि तिचा चेहरा सैलावला. हा चेहरा त्याने किती दिवसांत पाहिला नव्हता. तोही उंबऱ्यात पाय टाकणार, तोच ती वळली. वाट अडवून उभी राहिली, हात जोडून.

'फार उपकार झाले. आता निघा तुम्ही. तुमच्याही घरी वाट बघत असतील.'

तिच्या मागून लेक पुढे येऊ लागली. त्याने तिला डोळ्यांनीच नको म्हटलं. 'येतो,' तो बायकोला म्हणाला.

दार लागलं, हळूच, पाहुण्याच्या तोंडावर आपटू नये अशा बेताने. आतून तिचा आवाज येत होता. भला माणूस होता गं, ती सांगत होती, हळू चालवत होता. ताटं मांडल्याचा आवाज आला. त्याला बेल वाजवायची होती, पण इतक्यात नाही. तिचं जेवण होऊ दे, मग वाजवू. तो जिन्यावर उभा राहिला. पर्स त्याच्याकडेच राहिली होती. हलकी होती, आत रुमालापलीकडे काही नसावं. तरी त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.